हाताची घडी, तोंडावर बोट

परवा संध्याकाळी फोडणी टाकता टाकता डबे हुडकत होते. "हिंग... हिंग... कुठे ठेवला मी हिंग?" बाहेरून ह्यांचा आवाज, "काय म्हणालीस?" म्हटलं, "काही नाही, माझं मलाच." आमच्याकडे हा संवाद लग्न झाल्यापासून रोज निदान दोनदा होतो. पण त्या दिवशी फोडणी करपली आणि मी तशीच उभी राहिले, कारण एक जुनी गोष्ट आठवली. ती बरेच दिवस लिहायची होती, टाळत होते. आज बसलेय.

नातेवाईक मंडळींना यातला आमच्या घरातला भाग थोडाफार ठाऊक आहे, त्यांनी तो भरभर वाचून टाकावा. मधला स्वित्झर्लंडचा आणि रशियाचा भाग मात्र गाळू नये!

१९९८ सालची गोष्ट. चिरंजीव दुसरीत होते. हातच्याच्या बेरजा नुकत्या सुरू झालेल्या. स्वारी मांडी घालून बसायची, वहीत नाक खुपसायची आणि सुरू. "आठ आणि सात... आठ, नऊ, दहा... पंधरा. पाच लिहिला. हातचा एक. तो कुठे ठेवू? इथे वर ठेवू. आता तीन आणि दोन पाच, आणि हा वरचा एक, अरे हा राहिलाच होता..." असं एकेक गणित म्हणजे आकाशवाणीवरचं क्रिकेटचं धावतं वर्णन. मला गंमत वाटायची. पण एक दिवस शाळेतून डायरीत शेरा आला. गणिते सोडवताना सतत पुटपुटतो, शेजारच्या मुलांना त्रास होतो, मनातल्या मनात सोडवण्याचा सराव घरी करून घ्यावा.

शाळेचा शेरा म्हणजे आमच्या पिढीला वेदवाक्य. मी रोज संध्याकाळी सराव घ्यायला सुरुवात केली. समोर बसायची आणि म्हणायची, "हाताची घडी, तोंडावर बोट." (लिहायला एक हात लागतो, तेव्हा घडी अर्धीच!) पोर गप्प बसायला लागलं. पण गंमत अशी की गणितंही गप्प बसली. पेन्सिल वहीवर टेकवून तो नुसता बघत राहायचा. ज्या बेरजा बडबडत पाच मिनिटांत व्हायच्या, त्यांना अर्धा तास लागायला लागला, आणि हातचा तर हमखास विसरायचा. मला वाटलं, आळस. मग आवाज चढला, मग एकदोनदा धपाटाही बसला. पुढे पुढे तो वही घेऊन गच्चीत जायचा. तिथे काय करत होता हे मला कळत होतं, पण ऐकू येत नव्हतं. त्यामुळे डोळ्याआड केलं.

या सगळ्यात विनोद असा, की मी तेव्हा बँकेत कॅशियर होते. नोटा मोजायची यंत्रं आमच्या शाखेत यायची होती. दिवसभर काउंटरवर बसून बोटं ओली करून शंभराची पाकिटं मोजायची, आणि ओठ सतत हलत. एक्काहत्तर, बाहत्तर, त्र्याहत्तर... मध्येच कुणी "मॅडम, पासबुक कुठे भरून मिळेल?" म्हटलं की गेलं, पुन्हा एकपासून. दिवसभर पुटपुटून पगार घेणारी बाई संध्याकाळी घरी येऊन मुलाला सांगत होती, ओठ हलवू नकोस. हे तेव्हा माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही.

लक्षात आलं ते निवृत्त झाल्यानंतर. अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं चाळत होते. एक पिवळं पडलेलं इंग्रजी पुस्तक हाती आलं, विचार आणि भाषा अशा काहीशा नावाचं. उभ्या उभ्या मधलं पान उघडलं, तर चित्र काढताना पेन्सिल मोडलेल्या एका पोराची गोष्ट. ती वाचली आणि पुस्तक घेऊनच घरी आले. गोष्ट पुढे येईलच. पण ती ज्या भांडणातली आहे, ते भांडण आधी सांगायला हवं.

या भांडणातले दोघं भिडू एकाच वर्षी जन्मले, १८९६ साली. पहिला झाँ पियाजे, स्वित्झर्लंडमधल्या नॉशातेल गावचा. हा लहानपणापासून प्राण्यांच्या नादी लागलेला. दहा-अकरा वर्षांचा असताना त्याने बागेत दिसलेल्या एका पांढऱ्या चिमणीवर टिपण लिहिलं आणि ते छापूनही आलं. डॉक्टरेट केली ती गोगलगायींच्या जातकुळीतल्या प्राण्यांवर. मग पॅरिसला मुलांच्या बुद्धिमापन चाचण्यांचं काम मिळालं. काम सरळ होतं, किती उत्तरं बरोबर ते मोजायचं. पियाजे अडकला चुकलेल्या उत्तरांत. एका वयाची मुलं एकसारख्याच चुका कशा करतात? माझ्या मते त्याचं सगळं थोरपण या एका प्रश्नात आहे. चुकलेल्या उत्तरावर नुसती फुली न मारता त्याच्याकडे इतक्या आदराने बघणारा माणूस त्याच्याआधी क्वचितच झाला असेल.

१९२१ साली तो जिनिव्हाला आला. तिथल्या रूसो इन्स्टिट्यूटला जोडलेली एक बालशाळा होती. तिथे सहा वर्षांची दोन मुलं निवडून, महिनाभर सकाळच्या वेळात त्यांच्या तोंडून निघालेला शब्द न् शब्द टिपून घेतला. आणि मग मोजदाद केली. यातलं किती बोलणं दुसऱ्याला काही सांगण्या-विचारण्यासाठी होतं, आणि किती नुसतंच आपलं आपलं? एका मुलाचं शेकडा ४७, दुसऱ्याचं शेकडा ४३ बोलणं "आपलं आपलं" निघालं. जवळजवळ निम्मं! चार मुलं एका टेबलाशी चित्रं काढत बसलेली, चौघंही बोलतायत, पण ऐकत कुणीच नाही. (आमच्या घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर याहून वेगळं काय चालतं?) १९२३ साली मुलांच्या भाषेवर आणि विचारांवर त्याचं पहिलं पुस्तक आलं. त्यात या बोलण्याला त्याने नाव दिलं, स्वकेंद्री बोलणं.

त्याचा अर्थ त्याने असा लावला. लहान मुलाला दुसऱ्याच्या जागी उभं राहून बघता येत नाही. ऐकणाऱ्याला काय ठाऊक आहे, काय नाही, याचा त्याला पत्ता नसतो. म्हणून ते असं अर्धवट, स्वतःपुरतं बोलतं. हातातल्या कामाला या बोलण्याचा उपयोग काही नाही, गाडा ओढणाऱ्या बैलाच्या गळ्यातली घुंगरं वाजतात तसं ते आपलं सोबत वाजत राहतं. मूल सात-आठ वर्षांचं झालं, चारचौघांत मिसळलं, की हे बोलणं विरून जातं. बैलाची उपमा माझी, पण मतलब त्याचाच.

आता दुसरा भिडू. लेव व्हिगोत्स्की. (माझ्या बी.एड. झालेल्या मैत्रिणी वायगॉटस्की म्हणतात, तेच हे गृहस्थ.) आजच्या बेलारूसमधल्या ओर्शा गावी ज्यू कुटुंबात जन्म, लहानपण गोमेल गावात. मॉस्कोत कायदा शिकला, पण ओढा साहित्याकडे आणि नाटकाकडे. पुन्हा गोमेलला येऊन मास्तरकी करू लागला. क्रांती, यादवी, उपासमार, घरात क्षय. भाऊ त्यात गेला आणि यालाही तो जडला. जानेवारी १९२४ मध्ये पेत्रोग्रादला मानसशास्त्राची एक परिषद भरली होती, तिथे हा कुणाला फारसा माहीत नसलेला सत्तावीस वर्षांचा मास्तर उठून बोलला आणि लोक बघत राहिले. मॉस्कोच्या मानसशास्त्र संस्थेने त्याला बोलावून घेतलं. सुरुवातीला राहायला जागा मिळाली ती संस्थेच्याच तळघरात. तिथून पुढे त्याला मिळाली जेमतेम दहा वर्षं, तीसुद्धा मधूनमधून इस्पितळात काढलेली.

व्हिगोत्स्कीने पियाजे अगदी मन लावून वाचला होता. पियाजेची सुरुवातीची पुस्तकं १९३२ साली रशियनमध्ये आली तेव्हा त्याला प्रस्तावना यानेच लिहिली. आधी भरपूर कौतुक केलं आणि मग हळूच विचारलं, हे बोलणं काही कामाचं नाही, हे तुम्हाला कशावरून कळलं?

हा प्रश्न त्याला सुचला त्यामागे माकडं होती. वोल्फगांग कोहलर नावाचा जर्मन शास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धात तेनेरीफ बेटावर अडकून पडला होता, चिंपांझींच्या सोबतीला. त्याने १९१७ साली त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. उंच टांगलेली केळी काढायला चिंपांझी खोक्यावर खोकं रचतात, गजांपलीकडचं फळ काठीने ओढून घेतात. म्हणजे भाषा नसतानाही डोकं चालतं. उलट तान्ह्या बाळाच्या बडबडीत आवाज आहे पण विचार नाही. तेव्हा विचार आणि भाषा यांचा उगम वेगवेगळा, असं व्हिगोत्स्की म्हणाला. मूल दोनेक वर्षांचं होतं तेव्हा हे दोन प्रवाह एकमेकांना येऊन मिळतात आणि तिथून पुढे पाण्याची जातच बदलते. माझं माहेर कराडचं. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात आणि मग काटकोनात वळून एकत्र जातात, ते लहानपणापासून पाहिलेलं. त्यामुळे मला हे समजायला वेळ लागला नाही.

मग त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कोहलरचेच प्रयोग मुलांवर करून पाहिले. रोझा लेविना ही त्याची विद्यार्थिनी. कपाटाच्या वर, हात पोचणार नाही अशा जागी, गोळ्या-चॉकलेट ठेवायचं. खोलीत एक स्टूल आणि एक काठी. आत चार-साडेचार वर्षांची मुलगी. चिंपांझी हे काम मुकाट्याने करतो. ही मुलगी मुकाट्याने काहीच करत नाही. आधी उडी मारून बघते. मग सुरू होतं, स्टुलावर चढलं पाहिजे... चढते... नाही पुरत... दुसरं स्टूल आणावं का... नको, काठी आहे की. मध्येच प्रयोग करणाऱ्या बाईंकडे बघून काहीतरी विचारते, पुन्हा स्वतःशी सुरू. हात, डोळे आणि तोंड तिन्ही एकाच कामाला जुंपलेले. काम जितकं अवघड, तितकं बोलणं जास्त.

आणि आता ते वाक्य, ज्याच्याशी मी त्या दिवशी पुस्तक मिटून थांबले. याच प्रयोगांत असं आढळलं, की मुलांना बोलायला मनाई केली तर लहान मुलांना ते काम करताच येत नाही. काही मुलं जागच्या जागी थिजून उभी राहतात.

वहीवर पेन्सिल टेकवून नुसता बघत बसलेला माझा दुसरीतला मुलगा मला त्या ओळीत दिसला. तो आळस नव्हता. मी त्याची काठी आणि स्टूल, दोन्ही काढून घेतली होती आणि वर विचारत होते, अजून गोळी कशी नाही निघाली?

बरं. तर आता पेन्सिलीची गोष्ट. व्हिगोत्स्कीच्या मंडळींनी एक सोपी युक्ती केली. मुलं चित्र काढत असताना मुद्दाम खोडा घालायचा. ऐन वेळी हवा तो रंग नाही, कागद लहान पडतोय, पेन्सिलच नाही. बोलणं निरर्थक घुंगरू असेल तर खोड्याने त्यात फरक पडायचं कारण नाही. प्रत्यक्षात काय झालं? खोडा घातल्याबरोबर आपलं-आपलं बोलणं जवळजवळ दुप्पट झालं. एक साडेपाच वर्षांचा मुलगा ट्रामचं चित्र काढत होता. चाकाचा गोल काढताना त्याने पेन्सिल इतकी दाबली की टोक मोडलं. तो हलक्या आवाजात "मोडलं" एवढंच म्हणाला. पेन्सिल बाजूला ठेवली, रंग आणि कुंचला घेतला, आणि स्वतःशी बोलत बोलत अपघातात मोडलेली ट्राम रंगवायला लागला!

पाहा, मोडली होती पेन्सिल. तो शब्द तोंडातून निघाला आणि त्याने सगळं चित्रच फिरवलं. आधी काढायची होती धडकी ट्राम, "मोडलं" म्हटल्यावर ती मोडकी झाली. शब्द कामाच्या मागून येत नव्हता, पुढे होऊन वाट दाखवत होता. त्याआधी मुलं चित्र काढून झाल्यावर सांगतात "हा घोडा". मग काढता काढता सांगतात. आणि मग काढायच्या आधीच सांगतात, "मी आता घोडा काढणार." शब्द शेवटून मधे आणि मधून आधी असा सरकत जातो. नातवंडं असलेल्यांनी हे घरी ताडून पाहावं.

आणि सात-आठ वर्षांचं झाल्यावर हे बोलणं जातं कुठे? पियाजे म्हणतो, विरतं. व्हिगोत्स्की म्हणतो, आत जातं. आई पोराला म्हणते, "हळू, सांडेल." मग पोर पेला उचलताना स्वतःच म्हणतं, "हळू, सांडेल." मग नुसते ओठ हलतात. आणि मग एक दिवस ओठही हलत नाहीत, हात तेवढा हळू होतो. पियाजेच्या मते मूल आधी एकटं असतं आणि हळूहळू माणसांत येतं. व्हिगोत्स्कीच्या मते ते जन्मापासून माणसांतच असतं, आणि माणसांशी जे बोलतं त्याचंच पुढे आतलं बोलणं होतं.

इथे आपल्या मराठीचं मला फार कौतुक वाटतं. आपण विचार केला असं म्हणतच नाही, आपण "म्हटलं" म्हणतो. "म्हटलं, जरा जाऊन यावं." "म्हटलं, पाऊस थांबला की निघू." कुणाला म्हटलं? कुणालाच नाही. "मी मनाशी म्हटलं." आपल्या आज्ज्यांना व्हिगोत्स्की वाचायची गरज नव्हती.

याचे आणखी तीन प्रयोग आहेत आणि ते मला सगळ्यात चटका लावतात. त्याने आधी मुलांचं स्वतःशी बोलणं मोजलं, आणि मग त्यांना अशा मुलांत नेऊन बसवलं जी मूकबधिर होती किंवा परकी भाषा बोलणारी होती. दुसऱ्यांदा अनोळखी मुलांत बसवलं, किंवा खोलीत एकटंच ठेवलं. तिसऱ्या वेळी भिंतीपलीकडे मोठ्याने वाद्यवृंद वाजवला, म्हणजे स्वतःचाच आवाज ऐकू येऊ नये. हे बोलणं खरोखर स्वतःपुरतं असेल, तर आजूबाजूला कोण आहे याने काय फरक पडतो? उलट एकटेपणात ते वाढायला हवं. झालं उलटंच. तिन्ही वेळा बोलणं घटलं, आणि ज्यांना आपलं बोलणं कळणारच नाही अशा मुलांत तर जवळजवळ बंदच पडलं.

म्हणजे मूल स्वतःशी बोलतं तेव्हा त्याला कुठेतरी वाटत असतं की कुणीतरी ऐकतंय, आणि ऐकणाऱ्याला आपलं कळतंय. तो भरवसा गेला की बोलणं थांबतं. हे वाचल्यापासून मला ती गच्ची आठवते. मी समोर बसले असताना तो बोलत नव्हता. गच्चीत कोण होतं? शेजारच्या काकूंची वाळवणं आणि कावळे.

असो. इतिहासाकडे येऊ, नाहीतर मी वाहवत जाईन.

१९३४च्या वसंतात व्हिगोत्स्कीचा क्षय बळावला. विचार आणि भाषा यांवरचं पुस्तक पुरं करायचं होतं, शेवटचं प्रकरण त्याने सांगून लिहवून घेतलं. ११ जून १९३४ला तो गेला, वय ३७. पुस्तक त्याच वर्षाच्या शेवटी बाहेर आलं. ते शेवटचं प्रकरण या आतल्या बोलण्यावरच आहे. आतलं बोलणं म्हणजे बाहेरच्या बोलण्याचा आवाज काढून टाकला की झालं, असं नव्हे, हे त्याने तिथे फार सुरेख मांडलंय. बसची वाट बघत उभ्या असलेल्या चारजणांत "आपण जिची वाट बघत होतो ती बस आली" असं कुणी म्हणत नाही. "आली!" बस्स. मनात तर आपण याहूनही कमी शब्दांत बोलतो, कारण ऐकणाऱ्याला सगळं आधीच ठाऊक असतं. म्हणून तर मनात स्वच्छ कळलेली गोष्ट कागदावर उतरवताना घाम फुटतो. (हा लेख साक्षीला आहे.)

पुढे जे झालं ते रशियात तेव्हा अनेकांचं झालं. ४ जुलै १९३६ला पक्षाने एक फर्मान काढलं, बालविकासाचं जे शास्त्र तिथे "पेडॉलॉजी" नावाने चालत होतं तेच मोडीत काढलं. व्हिगोत्स्कीचं नाव त्यात गुंतलेलं. वीस वर्षं त्याची पुस्तकं छापली गेली नाहीत. १९५६ साली, स्टालिन जाऊन तीन वर्षं झाल्यावर, ती पुन्हा निघाली. इंग्रजीत पुस्तक आलं ते १९६२ साली, बरंच कापून-छाटून. मला चौकात मिळालं ते हेच भाषांतर.

आणि या भाषांतराच्या निमित्ताने पियाजेने आपल्यावरच्या टीकेला उत्तर लिहिलं. तो तेव्हा पासष्टीचा, जगप्रसिद्ध. टीका करणारा जाऊन २८ वर्षं झालेली. दोघं आयुष्यात एकदाही भेटले नव्हते. पियाजेला सहज मोठेपणा मिरवता आला असता. त्याने खेद व्यक्त केला की हे सगळं आपल्याला इतक्या उशिरा कळलं, आणि सांगून टाकलं की स्वकेंद्री बोलण्यातूनच पुढे आतलं बोलणं तयार होतं, हे व्हिगोत्स्कीचं म्हणणं आपल्याला पटतं. बाकीच्या मुद्द्यांवर आपला हेका सोडला नाही, आणि का सोडावा? पण ज्याचं उत्तर ऐकायला समोरचा राहिलाच नाही, त्याला अशी दाद देणं मला फार मोठं वाटतं.

नंतरचं थोडक्यात. १९६८ साली अमेरिकेत लॉरेन्स कोलबर्ग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पाहिलं, की हे बोलणं आधी वाढतं, मग उतरतं. हुशार मुलांत ते आधी वाढून आधी उतरतं, आणि चारचौघांत जास्त रमणारी मुलं उलट जास्त पुटपुटतात. पुढे ऐंशीच्या दशकात लॉरा बर्क या बाई शाळेच्या वर्गात, गणितं सोडवणाऱ्या मुलांशेजारी जाऊन बसल्या. पहिलीतली मुलं मोठ्याने बोलत होती, तिसरीतली कुजबुजत होती किंवा नुसते ओठ हलवत होती. म्हणजे तो उतार आपोआप असतो. आमच्या चिरंजीवांनी वर्ष-दीड वर्षात आपसूक आवाज उतरवलाच असता. शेऱ्याची गरज नव्हती आणि माझ्या सरावाचीही.

मोठेपणी हे पूर्ण जात नाही. काम अवघड झालं, की आत गेलेलं पुन्हा बाहेर येतं. म्हणून कॅशियरचे ओठ हलतात. २०१२ साली लुप्यान आणि स्विंग्ली या दोघांनी दाखवलं, की सुपरमार्केटच्या चित्रांत एखादी वस्तू शोधताना तिचं नाव मोठ्याने घेत राहिलं तर ती लवकर सापडते, निदान नेहमीच्या ओळखीच्या रूपात असली तर. म्हणजे "हिंग, हिंग" करणाऱ्या बाईला शास्त्राचा पाठिंबा आहे! (हिंग हळदीच्या डब्यात भरून ठेवला असेल तर शास्त्र काही करू शकत नाही.)

हे ह्यांना वाचून दाखवलं, तर हे म्हणाले, "माझ्या डोक्यात कुणी बोलतच नाही." मला वाटलं थट्टा. पण खरंच, काहींच्या मनात हा आवाज फार थोडा असतो. २०२४ साली त्यावर एक अभ्यास आला. अशा लोकांना शब्दांची यादी लक्षात ठेवणं आणि यमक ओळखणं जरा जड गेलं, बाकी कामं ते इतरांइतकीच करत होते. छत्तीस वर्षांनी नवऱ्याबद्दल नवीन काही कळणं हे काही थोडं नाही. किराण्याची यादी ते का विसरतात, तेही कळलं.

हिंगाच्या प्रसंगानंतर रविवारी मुलाचा फोन आला. तो हैदराबादला सॉफ्टवेअरमध्ये आहे. मी विचारलं, "काम करताना बोलतोस का रे स्वतःशी?" तर म्हणाला, "स्वतःशी नाही, बदकाशी." त्याच्या टेबलावर रबराचं पिवळं बदक आहे. प्रोग्राममध्ये चूक सापडत नसली, की एकेक ओळ त्या बदकाला समजावून सांगायची, सांगता सांगता चूक सापडते. १९९९ सालच्या एका गाजलेल्या पुस्तकातून ही पद्धत या लोकांत पसरली म्हणे. मी म्हटलं, "कुठल्या भाषेत सांगतोस?" जरा थांबून म्हणाला, "ओळी इंग्रजीत. पण चूक सापडली की मराठीत शिवी घालतो."

मग मी धीर करून विचारलं, "दुसरीत असताना मी तुला गणितं करताना बोलू देत नव्हते, आठवतं?"

शेरा त्याला आठवत नव्हता. धपाटे आठवत नव्हते. गच्ची आठवत होती, पण पतंगांसाठी. मला जरा हायसं वाटलं. मग तो म्हणाला, "तू जीभ दातांखाली धरायला सांगायचीस ना, ते आठवतंय. मी अजून धरतो. परवा कर भरताना आकडेमोड करत होतो, तर ही म्हणाली, अरे, जिभेतून रक्त येईल."

जिभेचं मला काहीच आठवत नाही. पण मी म्हटलं असणार.

"आता सोड बाबा ती सवय," म्हटलं. तो हसला. म्हणाला, "आई, कॉल येतोय, ठेवतो."